टंच मशीनमागचा एक्सपी

कोलकात्याच्या बडाबाजारात सोनं-चांदी आटवणाऱ्यांत आमच्या सांगली जिल्ह्यातली, खानापूर-आटपाडीकडची माणसं बरीच. गलाईवाले म्हणूनच ओळखतात आम्हाला. वडील याच धंद्यात इकडे आले. मला भट्टीची धग आणि तेजाबाचा वास कधी मानवला नाही; मी चांदनीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीला बसलो. गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. सोनापट्टीतल्या कुठल्याही गलाईच्या दुकानात काही बंद पडलं की फोन मला येतो.

या दुकानांतली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे टंच मशीन. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस बघत. आता दागिना किंवा लगडीचा तुकडा मशीनच्या पेटीत ठेवायचा, त्यावर क्ष-किरण पडतात, प्रत्येक धातू आपापल्या परीने ते परत फेकतो आणि सोनं किती, तांबं किती, चांदी किती, ते पडद्यावर येतं. त्या चिठ्ठीवर लाखोंचा व्यवहार होतो. आणि ज्या कॉम्प्युटरवर ती चिठ्ठी तयार होते, त्यावर माझ्या ओळखीच्या अनेक दुकानांत विंडोज एक्सपी होता.

लोकांना हा कंजूषपणा वाटतो. तो नव्हे. मशीन जोडायला कॉम्प्युटरच्या आत एक जुन्या पद्धतीचं पीसीआय कार्ड बसवावं लागतं. त्याचा ड्रायव्हर एक्सपीपुरताच लिहिलेला, आणि नव्या मदरबोर्डवर ती खाचच नसते. विकणाऱ्याला विचारलं, तर उत्तर ठरलेलं: नवं सॉफ्टवेअर हवं तर नवं मशीन घ्या. चांगल्या चालत्या मशीनवर पुन्हा लाखो रुपये कोण घालणार? दुकानातला बंगाली पोरगा तर मला दारातच सांगायचा, ‘दादा, मेशिन तो चोलछे!’ चाललंय ना, मग तुम्ही आलात कशाला, हा त्यातला भाव.

एक्सपी बाजारात आला २५ ऑक्टोबर २००१ रोजी. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला. त्या दिवशी एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून तर कुणाला काही झाल्यासारखं वाटलं नाही. बदल एवढाच, की त्यानंतर सापडणारं भोक कुणी बुजवणार नव्हतं. त्यात आणखी एक गोम आहे. नव्या विंडोजचं भोक बुजवणारं ठिगळ जाहीर होतं, तेव्हा ते उसवून पाहणाऱ्याला भोक नेमकं कुठे होतं हे कळतं. तेच भोक जुन्या विंडोजमध्येही असलं, तर तिथे ते कायमचं उघडं, आणि पत्त्यासकट जाहीर.

२०१७ च्या मे महिन्यात अख्खा बडाबाजार जीएसटीच्या धास्तीत होता. १ जुलैपासून कर लागू होणार, म्हणून ज्यांनी जन्मभर वहीत लिहिलं त्यांनीही बिलाचे कॉम्प्युटर घेतले, इंटरनेट घेतलं. गलाईवाल्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. टंचाचा कॉम्प्युटर वायरने बिलाच्या कॉम्प्युटरला जोडून एक शेअर फोल्डर केला, की चिठ्ठी आपोआप बिलाशेजारी येऊन पडावी. सोय उत्तम होती. ज्या मशीनला जन्मात बाहेरचं वारं लागलं नव्हतं, ते त्या वायरीनं जगाशी जोडलं गेलं.

शुक्रवारी, १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस सुटला. सोमवारपर्यंत दीडशे देशांची नावं बातम्यांत होती. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांतून रुग्ण परत पाठवल्याच्या, आंध्रात पोलिसांचे कॉम्प्युटर अडकल्याच्या बातम्या होत्या. पण आमच्या लोकांना धडकी भरली ती पश्चिम मेदिनीपूरच्या बातमीने. बेलदा, दांतन भागातल्या राज्य वीज वितरण कंपनीच्या कार्यालयांत पडद्यावर ती लाल चौकट आली होती: तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, नाहीतर फायली विसरा. लंडन लांब राहिलं, बेलदा हावड्याहून गाडीने काही तासांवर. (खंडणीची ती चिठ्ठी अठ्ठावीस भाषांत वाचता येत होती. त्यांत हिंदी, बंगाली, मराठी एकही नव्हती. आपल्याकडून पैसे येतील अशी त्यांनाही आशा नसावी.)

ती बातमी आली त्या दिवशी मी आधी आण्णांच्या गलाईच्या दुकानात गेलो. भट्टीशेजारच्या खोलीत मे महिन्यातली दुपार, पंखा फक्त मशीनवर लावलेला.

‘आण्णा, दोन्ही कॉम्प्युटर बंद करा. वायर काढतो.’

‘आरं, गिऱ्हाईक बसलंय. मशीन चालतंय न्हवं?’

‘मशीन चालू दे. वायर काढू द्या.’

मी कुठलीही फाईल उघडली नाही, मला मेल येत नाही, मग मला कसं लागेल, असा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचा नव्हता. तोवर व्हायरस म्हणजे कुणीतरी काहीतरी उघडल्याशिवाय येत नाही, असंच आम्ही सगळ्यांना सांगत आलो होतो. वॉनाक्रायला क्लिक लागत नव्हतं. विंडोज ज्या जुन्या बोलीतून फोल्डर शेअर करतं, त्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतच भोक होतं. एक मशीन धरलं की तिथून तो शेजारची मशीनं स्वतः शोधत निघायचा. आमचा तो सोयीचा फोल्डर म्हणजे त्याची सरळ वाटच. हे भोक अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेने स्वतःच्या वापरासाठी दडवून ठेवलं होतं. त्यांचं हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिलमध्ये उघड्यावर आलं. मायक्रोसॉफ्टने ठिगळ १४ मार्चलाच दिलं होतं, पण ते आधार चालू असलेल्या विंडोजना. एक्सपीसाठी ते सर्वांना मिळालं हल्ला झाल्यावर.

आण्णांकडे काही झालं नव्हतं. एक्सपीवर ते उशिरा आलेलं ठिगळ मी सीडीवरून बसवलं आणि बिलाच्या मशीनकडे वळलो. त्यावर विंडोज सात. आधार चालू, ठिगळ दोन महिन्यांपूर्वी आलेलं, आणि तरी बसलेलं नाही; अपडेट बंद. का, हे मला बघायचीही गरज नव्हती. बाजारात असेंबल केलेल्या मशीनवर नकली विंडोज टाकतात आणि अपडेट बंद करूनच देतात. चालू ठेवलं तर पडदा काळा होतो आणि हे विंडोज अस्सल नाही असं कोपऱ्यात उमटतं. अशी मशीनं त्या आठवड्यात मी गल्लोगल्ली पाहिली. पुढे कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने हिशेब दिला, तेव्हा वॉनाक्राय लागलेल्या मशीनांत सुमारे ९८ टक्के विंडोज सातची निघाली. एक्सपीवर तो किडा धड चालतच नव्हता, मशीन निळा पडदा दाखवून बसायचं. म्हाताऱ्या एक्सपीच्या नावाने आम्ही सगळे बोंबलत होतो, आणि मेली ती औषध घरात असून न घेतलेली तरणी मशीनं.

म्हणून एक्सपी फेका असं मी कुणाला सांगितलं नाही. टंचाचा कॉम्प्युटर पुन्हा एकटा केला. माउस-कीबोर्ड जुन्या गोल तोंडाचे होते, तेव्हा यूएसबीची तोंडं चक्क एम-सीलने बुजवली. पेनड्राइव्हचा प्रश्नच मिटला. हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून तिजोरीत ठेवली आणि चांदनीतून त्याच जातीचा जुना मदरबोर्ड शोधून बाजूला टाकला. बिलाच्या मशीनवर विकत घेतलेलं विंडोज घातलं. चिठ्ठी छापून हाताने बिलात लिहायची, यावर आण्णांच्या पुतण्याने बरेच दिवस तोंड वाकडं केलं.

त्याची कुरकुर जरा कमी झाली ती जूनअखेर. २७ जूनला नॉटपेट्या आला, त्याच भोकातून, शिवाय चोरलेल्या पासवर्डांवरून. न्हावाशेव्यात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कने स्वतःचा तोटा वीस ते तीस कोटी डॉलर सांगितला. आणि बँका? एटीएममधला एक्सपी काढायला रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये टप्पे आखून द्यावे लागले, शेवटची मुदत जून २०१९. आधार सुटून पाच वर्षं उलटल्यावर! गलाईवाल्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे बघावं.

आता पाळी विंडोज दहाची. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटला, धनतेरसच्या चार दिवस आधी. त्या आठवड्यात सोनापट्टीत कॉम्प्युटरला हात लावू देणारा माणूस शोधून दाखवा. त्यात विंडोज अकराला टीपीएम चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. बडाबाजारातल्या कित्येक धडधाकट मशीनांना ती अट बसत नाही. घरगुती वापराच्या विंडोजला एक वर्षाची वाढीव ठिगळं मिळतात, मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग साठवली तर फुकटही. पण त्यासाठी विंडोज अस्सल लागतं, आणि तिथे निम्मी दुकानं गप्प होतात.

ही वाढीव मुदत संपते १३ ऑक्टोबर २०२६ ला, म्हणजे पुन्हा धनतेरसच्या आधीच. यंदा मी आषाढातच, बाजार मंदा असताना, यादी घेऊन फिरणार आहे. आण्णांनी आत्ताच बजावलंय: बिलाचं काय ते बघ, टंचाला हात लावायचा न्हाई.