शेवटचे दोन दिवस, नागझिऱ्यात

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयतांनी अकरा दिवसांचा विदर्भप्रवास केला. पाठीवर एकेक सॅक, रेल्वेचा साधा शयनयान डबा, एस.टी. आणि जिथे मिळेल तिथे धर्मशाळा, असा एकूण बेत होता. दोघांचा मिळून खर्च पंचवीस हजारांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हे मी निघण्यापूर्वीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते.

सॅक माझ्या पुतण्याच्या. जर्मनीत शिकत असताना त्याने त्या पाठीला लावून युरोप पालथा घातला होता. रात्रीच्या बसने प्रवास करायचा, म्हणजे मुक्कामाचे भाडे वाचते. वसतिगृहात दहा-दहा जणांच्या खोलीत झोपायचे. पाव आणि केळी खायची. त्याने आम्हाला निघताना एकच गोष्ट बजावली. "काका, शेवटचे दोन दिवस जपा. तेव्हा पैसे संपत आलेले असतात, अंग थकलेले असते आणि माणूस चिडतो. मी व्हिएन्नात ऑपेरागृहाच्या दारात उभे राहायच्या तिकिटाची रांग सोडून परत फिरलो. तिकीट स्वस्तच होते, पण मी बसभाडे मोजत बसलो होतो." मी ते ऐकले आणि वहीत 'राखीव – १,००० रु.' असे लिहिले. मला तेवढाच बोध झाला.

वर्धा, सेवाग्राम, नागपूर, रामटेक हे सारे ठरल्याप्रमाणे झाले. रामटेकला शांतिनाथांचे दर्शन घेतले, धर्मशाळेत दोन रात्री उत्तम गेल्या. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. सांगायचे आहे ते नागझिऱ्याचे.

मुलगा खरे तर आम्हाला युरोपच्या सहलीला पाठवणार होता. सौ.ने नकार दिला. "आधी नागझिरा दाखवा म्हणावं तुझ्या वडिलांना," असे ती त्याला फोनवर म्हणाली. त्याला अर्थ कळला नाही. मला कळला.

१९८५ ते १९८८ अशी तीन वर्षे मी तिरोड्याला बँकेत होतो. तेव्हा गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता. तिरोडा भंडारा जिल्ह्यात होते. नागझिरा अभयारण्य १९७० सालापासूनचे, आमच्या घरापासून तासाभराच्या आतले. तिथल्या वाचनालयातून सौ.ने व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आणून वाचले आणि मला म्हणाली, "आपल्या सांगली जिल्ह्यातला माणूस इतक्या लांब येऊन या जंगलात राहून गेला. आपण तर शेजारी राहतो." मी "जाऊ" म्हणालो. त्या काळी बँकांचे वर्ष डिसेंबरअखेर संपे. म्हणजे जंगल पाहण्याच्या ऐन दिवसांत मी ताळेबंदात बुडालेला असे. जूनअखेर सहामाही, त्यानंतर पावसाळा. उरलेल्या दिवसांत कर्जवसुली आणि म्हशी-शेळ्यांची कर्जप्रकरणे. तीन वर्षे अशीच गेली आणि बदलीचा हुकूम आला.

आता चोरखमारा फाटकाबाहेरच्या एका साध्या घरगुती निवासात आम्ही उतरलो. दुपारच्या फेरीसाठी नागपूरचे एक चौघांचे कुटुंब सोबत मिळाले. जिप्सी वाटून घेतल्याने आमच्या दोघांच्या वाट्याला सतराशे रुपये आले. मी खूश होतो.

साग, ऐन, धावडा, बांबूची बेटे. हिवाळ्यातले कोवळे ऊन पानांतून खाली गळत होते. रानगव्यांचा एक कळप रस्त्यालगत स्थिर उभा होता. त्यांच्या पायांचे पांढरे मोजे पाहून सौ. हसली. तलावाच्या काठी सात-आठ रानकुत्री आली, पाणी प्यायली आणि एकामागून एक झाडीत शिरली. वाघ दिसला नाही. गाईडने 'जय'ची गोष्ट सांगितली. इथे वाढलेला हा तरणाबांड वाघ २०१३ मध्ये चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोहोचला आणि २०१६ नंतर कोणालाच दिसला नाही. ना तिकीट, ना आरक्षण, असे सोबतच्या गृहस्थांनी म्हटले. सगळे हसले. सौ. मात्र मागे वळून तलावाकडेच पाहत होती.

फाटकाबाहेर आलो तेव्हा सूर्य मावळला होता. सौ. रात्री जेवत नाही. घरमालकीणबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "थोडं तरी जेवून घ्या ना जी," असे त्यांनी परोपरीने सांगितले. सौ.ने हात जोडले आणि त्यांच्याशी गप्पा मारत चुलीजवळ बसून राहिली. पहाटे लवकर निघायचे म्हणून मी तेवढ्यात हिशेब मिटवायला घेतला आणि मालकांना म्हणालो, "यांचे जेवण झालेले नाही, तेवढे दीडशे वजा करा." त्यांनी मुकाट्याने वजा केले. वहीप्रमाणे हातात ४,१५० रुपये उरले.

खोलीत आल्यावर सौ. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईंनी माझ्यासाठी भाकरी थापून ठेवली होती."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिने मला जे सांगितले, ते मी अडतीस वर्षांत प्रथमच ऐकत होतो.

"मी इथवर येऊन गेले आहे. सत्याऐंशीच्या डिसेंबरात, तुमचं क्लोजिंग चालू होतं तेव्हा. पोराला घेऊन एस.टी.नं जमेल तिथवर आले, पुढं एकांच्या बैलगाडीतून नाक्यापर्यंत. आत जायला वाहन लागतं म्हणाले. मग तिथंच तासभर बसलो. त्याला भेकराचं ओरडणं ऐकू आलं, तो घाबरला. दिवे लागायच्या आत घरी परतलो. तुम्ही त्या दिवशी रात्री अकराला आलात."

"मला का नाही सांगितलंस?"

"अहो, तुम्ही भाड्याचा आकडा विचारला असता."

मी उठून बाहेर आलो. मालक अंगणात जिप्सीवाल्याशीच बोलत उभे होते. सकाळच्या फेरीला वाटून घ्यायला कोणी नव्हते. पूर्ण गाडी पाच हजार. मी आधी त्यांना दीडशे रुपये परत दिले, मग गाडी सांगितली. खोलीत येऊन सौ.ला म्हणालो, "पहाटे साडेपाचला तयार राहा." ती म्हणाली, "राखीव?" मी म्हणालो, "मोबाईलमध्ये पैसे आहेत." इतके दिवस ते तिथेच होते, हे तिलाही ठाऊक होते.

सकाळी धुके होते. तीन तास आम्ही दोघेच मागच्या बाकावर, एका शालीत. वाघ दुसऱ्यांदाही दिसला नाही. ओल्या मातीत पंजाचा एक ठसा मात्र गाईडने दाखवला. तलावापाशी सौ.ने गाडी थांबवायला लावली, इंजिन बंद करायला सांगितले. वीसेक मिनिटे कोणी बोलले नाही. परत येताना फाटकापाशी ती जागा शोधू लागली. तिच्या आठवणीतले मोहाचे झाड तिला सापडले नाही. एकदा हे म्हणाली, एकदा ते. गाईड तिच्या मुलापेक्षाही लहान; त्याला काय ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने आम्ही परतीला लागलो. ही गाडी कोल्हापूरपर्यंत जाते. सांगली यायला दुसरा दिवस उजाडणार. तिरोडा आले तसे सौ. खिडकीशी सरकली, गाव मागे पडेपर्यंत तिथेच राहिली. मी वही काढून बेरीज केली. बेत १,९०० रुपयांनी ओलांडला होता. तिने माझ्या हातून पेन घेतले आणि बेरजेच्या रेघेखाली आपल्या अक्षरात लिहिले: 'डिसें. १९८७. एस.टी., एक पूर्ण, एक अर्धे.' पुढे रक्कम लिहिली नाही.

"किती होते?" मी विचारले.

"आठवत नाही," ती म्हणाली आणि डबा उघडून मालकीणबाईंनी निघताना बांधून दिलेल्या दशम्या तिने माझ्यापुढे केल्या.