बंदी सुटली, मशीन अडलं

तारापूर म्हटलं की बाहेरच्यांना १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं. माझ्या मामाला त्या केंद्राची चिमणी आठवते. आपण कुठे जाळं टाकलंय, हे तो समुद्रात तिच्याकडे बघून सांगतो. गेल्या ऑगस्टात त्याच चिमणीसमोर, खडकांपासून हाकेच्या अंतरावर त्याची होडी बंद पडली. मी होडीतच होतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते ६१ दिवस होडी ताडपत्रीखाली आणि मशीन पडवीत लाकडी घोडीवर. सरकारी कागदावर त्याला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात, बंदरावर नुसतं मशीन. दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. बंदी सुटल्यावर पहिल्याच फेरीला त्यानं रंग दाखवला. रेस दिली की झक्कास पळायचं; जाळं ओढायला मंद केलं की मिसिंग, दोन आचके, बंद. मंद चालणं ही होडीवाल्याची चैन नव्हे. जाळं वर येत असताना मशीन मेलं तर ओहोटीची ओढ होडी फिरवते आणि जाळं पंख्यात जातं. त्या दिवशी दोघांनी वल्ही मारत खाडी गाठली.

बंदरावर सल्ला तयारच होता: स्लोचा स्क्रू पिळ. मामानं हात लावला नाही. स्क्रू पिळून आवाज वाढतो, दुखणं तसंच राहतं. शिवाय चढ्या रेसवर गिअर टाकला तर गिअरचे दात झिजतात.

संध्याकाळी अंगणात पाण्याचं पिंप आणलं आणि मशीनचं खालचं टोक त्यात बुडवलं. कोरडं चालवायचं नाही. पाणी ओढणारा पंपाचा रबरी पंखा काही क्षणांत जळतो. बाजूच्या भोकातून पाण्याची धार नीट पडत होती, म्हणजे थंड होण्यात खोट नव्हती. मग त्यानं एका प्लगची टोपी काढली, तिच्यात जुना प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला टेकवला, आणि आवाज ऐकला. दुसऱ्या सिलिंडरला तेच. दोन्ही वेळा मशीन सारखंच कोसळलं. एकच सिलिंडर मेलेला असता तर त्याची टोपी काढून फरक पडला नसता. दोघं सारखेच आजारी, तर आजार दोघांना पुरवठा करणाऱ्यात. मला ही तपासणी फार आवडली. नवा भाग एकही न आणता निम्म्या शंका मिटल्या.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. नळीतला रबरी फुगा दाबून घट्ट होत होता. उरला कार्बोरेटर.

त्याच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. दहा मिनिटांत तळाशी वेगळा थर दिसायला लागला. २०२५ साली देशानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्धी भरलेली टाकी, त्यात पावसाळ्याची दमट किनारी हवा. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. टू-स्ट्रोकचं ऑइल त्या थरात मिसळत नाही. म्हणजे हा थर मशीनमध्ये गेला की नुसतं मिसिंग नाही, पिस्टनला वंगणही मिळत नाही. ही गोष्ट बंदरावर फार कमी जणांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

मंद चालीचं पेट्रोल ज्या भोकातून येतं ते सुईच्या टोकाएवढं. रेसला मोठ्या जेटमधून भरपूर पेट्रोल मिळतं, म्हणून मशीन पळत होतं. त्या छोट्या जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर साचला होता. मामानं तार घेतली नाही. तारेनं पितळेचं भोक मोठं होतं. त्यानं जाळ्यातला बारीक तंगूस कापून फिरवला आणि कार्बोरेटर क्लीनर फवारला. मग फिल्टर बदलला, टाकी पूर्ण रिकामी केली, ताजं पेट्रोल आणि ऑइल घातलं, प्लग नवे टाकले.

दुसऱ्या ओढीला मशीन लागलं. गरम झाल्यावर, सगळ्यात शेवटी, त्यानं स्क्रूला पाव फेरा दिला.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक तांडेलाला माझी विनंती आहे: होडी वर ओढाल त्या दिवशी टाकीत पेट्रोल ठेवू नका. ३१ मेला मशीन पिंपात चालू ठेवा, पेट्रोलची नळी काढा, आणि कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळून ते आपणहून बंद होईपर्यंत थांबा. मामाच्या अंगणात या कामाला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला.