भिंत वाळेपर्यंत

पुराच्या बातम्या पाणी चढत असेपर्यंत येतात. पाणी उतरू लागलं की त्या थांबतात, आणि घरातलं काम तिथून सुरू होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये काशीत गंगा ७२ मीटरच्या वर गेली. राजघाटच्या मापावर धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. मणिकर्णिका बुडाली, चिता गच्चीवर रचल्या जाऊ लागल्या, गल्ल्यांमधून नावा फिरू लागल्या. हे सगळं मी नागपुरात टीव्हीवर पाहत होते आणि दर दोन तासांनी आत्याला फोन करत होते. ती वरच्या मजल्यावर होती. तिच्याजवळ तांदूळ होते, डाळ होती, स्टोव्ह होता. "आत्ता येऊन काय करशील? पाणीच बघशील ना?" ती म्हणाली. "उतरलं की ये. तेव्हा हात कमी पडतात."

आत्याचं घर शिंदे घाटाच्या वरच्या अंगाला, संकठा देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत आहे. जमीन नदीकडे उतरती, त्यामुळे गल्लीतून आत शिरल्यावर जो तळमजला वाटतो, त्याच्याखाली नदीच्या बाजूला आणखी दोन खोल्या आहेत. कधीकाळी वेद शिकायला आलेली मुलं तिथे राहत. आमच्या घराण्यातलाही कोणी एक जण असाच कोकणातून शिकायला आला आणि परत गेला नाही. अशी मराठी घरं इथून दुर्गाघाट-ब्रह्माघाटापर्यंत अजून सापडतात, पण पूर्वीइतकी नाहीत. आत्याची मराठीही आता काशीची झाली आहे. भिंतीला 'नोना' लागला, असं ती म्हणते. नोना म्हणजे ओल्या भिंतीतून बाहेर फुटणारं मीठ. या शब्दाचा अर्थ मला त्या वर्षी नीट कळला.

मी पोचले तेव्हा गणपती दोन दिवसांवर आले होते. खालच्या खोल्यांतून पाणी गेलं होतं आणि गाळ राहिला होता, गुडघ्याएवढा. गंगेचा गाळ फार बारीक असतो. ओला असेपर्यंत तो लोण्यासारखा सरकतो. चार उन्हं खाल्ली की फोडावा लागतो. म्हणून घाटांवर पाणी उतरत असतानाच पंप लावतात आणि नदीच्याच पाण्याचा मारा करून तो पुन्हा नदीत लोटतात. घरातही तीच घाई. शेजारची दोन मुलं, एक नावाडी आणि मी, आम्ही चार दिवस घमेली वाहिली. मधल्या एका दिवशी आत्याने वर गणपती बसवला. आरतीला आम्ही कोपरापर्यंत हात धुऊन गेलो, तरी कापराच्या वासावर चिखलाचा वास चढतच होता.

गाळाखाली पत्र्याची एक ट्रंक निघाली. बाकी सामान वर गेलं होतं, ती तेवढी राहिली होती. तिच्यात थोडी पोथ्यांची सुटी पानं होती आणि आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. ओला कागद उन्हात ठेवला की आकसतो, वेडावाकडा होतो. म्हणून वरच्या खोलीत पंख्याखाली वर्तमानपत्रांचे थर देऊन आम्ही पानं पसरली आणि थर रोज बदलले. पोथ्यांवरची काळी शाई जशीच्या तशी होती. आजोबांचं फाउंटन पेन मात्र पाण्याला टिकलं नाही. तीस वर्षांचा हिशेब फिकट निळ्या डागांत विरघळून गेला होता. आत्याने एक वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "बरं झालं. कुणाचं देणं राहिलं असेल तर आता कळायचं नाही."

गाळ निघाल्यावर भिंतीवर दोन खुणा दिसल्या. एक ताजी, तपकिरी, माझ्या कमरेशी. दुसरी दाराच्या चौकटीच्याही वर, खिळ्याने कोरलेली: १९७८. त्या वर्षी ९ सप्टेंबरला इथे ७३.९०१ मीटरची नोंद झाली, आणि काशीच्या नोंदींत ती अजून सर्वांत वरची आहे. त्या पुरानंतर आजोबांनी खालच्या खोल्यांचा चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा करवून घेतला होता. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. जे इतक्या खटपटीने मिळतं ते मजबूत असणारच, असं घरात सगळ्यांना वाटलं. ठेकेदारानेही तसंच सांगितलं. पुढची अडतीस वर्षं या खोल्यांना कुबट वास होता आणि दर दोन वर्षांनी रंगाचे पोपडे निघत. दोष नदीला दिला जाई.

आत्याने बोलावलेला मिस्त्री सत्तरीचा होता. त्याने थापीच्या दांड्याने भिंत ठोकत ठोकत दोन्ही खोल्यांना फेरी मारली. काही ठिकाणी आवाज भरीव आला, बऱ्याच ठिकाणी पोकळ. मग त्याने छिन्नी लावली. हातभर रुंद सिमेंटचा पापुद्रा अखंड सुटून खाली आला, आणि मागची वीट बोटाने कुस्करता येईल इतकी मऊ होती.

तो म्हणाला, "भीत के सांस लेवे दा."

पुढच्या काही दिवसांत त्याने जे तुकड्यातुकड्यांनी समजावलं ते असं. जुन्या घरांच्या भिंती पातळ लखौरी विटांच्या आणि चुन्याच्या, दोन-दोन फूट जाड. त्या पाणी पितात आणि सावकाश सोडतात. पाणी बाहेर पडताना विटेतलं आणि जमिनीतलं मीठ बरोबर आणतं. ते पृष्ठभागावर येऊन वाळलं, तर कुंच्याने झाडता येतं. पण पृष्ठभागावर सिमेंट असलं की पाण्याला दार मिळत नाही. ते भिंतीतून वर चढत राहतं, आणि मीठ सिमेंटच्या मागेच स्फटिक होऊन विटेला आतून फोडतं. चुन्याच्या गिलाव्याचं उलटं असतं. तो पाणी जाऊ देतो, मीठ स्वतः घेतो आणि शेवटी स्वतः झडतो. भिंतीऐवजी तो मरतो. त्याचं कामच ते.

आतेभावाला हे पटलं नाही. तो बंगळुरूहून पैसे पाठवणार होता आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात, पुराच्या पाण्यात जिन्यापर्यंत साप आला होता. त्याला खाली वॉटरप्रूफ सिमेंट, त्यावर छतापर्यंत टाइल्स हव्या होत्या, दिवाळीच्या आत. नाहीतर घर विकायचं आणि आईने त्याच्याकडे जायचं. एका गेस्ट हाउसवाल्याने भावही सांगून ठेवला होता. फोनवर मी मध्ये होते. आत्याला मी विचारलं, काशी सोडवत नाही का? ती म्हणाली, "मोक्षाची मला घाई नाही गं. पण इथला दूधवाला मला ओळखतो. तिथे मला लिफ्टचं बटणसुद्धा विचारून दाबावं लागतं."

घराच्या खिडकीतून खाली रत्नेश्वर महादेवाचं देऊळ दिसतं. ते मागच्या बाजूला सुमारे नऊ अंश कललेलं आहे आणि त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात किंवा गाळात असतो. त्याबद्दल दंतकथा पुष्कळ आहेत. सगळ्यांत आवडती म्हणजे, कोणी एकाने आईचं ऋण फेडलं म्हणून ते बांधलं आणि आईचं ऋण फिटत नाही म्हणून ते कललं. देवळाच्या आजूबाजूचा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवला. दौलतराव १८२७ मध्ये गेल्यावर ग्वाल्हेरचा कारभार सांभाळणाऱ्या या बाईंनी काशीला साजेसं भव्य काम काढलं, आणि ते स्वतःच्याच वजनाने खचलं. किनाऱ्याच्या ओल्या मातीला तो दगड पेलला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत तो फाटलेला, झुकलेला घाट दिसतो. आज आपण ज्या पायऱ्यांवर बसतो त्या १९३७ च्या पुनर्बांधणीतल्या. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हा घाट मोडलेल्या अवस्थेत होता, आणि तरी लोक रोज त्यावर स्नान करत होते. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्या दोन खोल्यांची एवढी काय गडबड?"

सप्टेंबरभर सिमेंट उतरवण्याचं काम चाललं. नोना रोज झाडायचा, पण कोरड्या कुंच्याने. पाण्याने धुतला की तो विरघळून पुन्हा आत जातो. लाकडी दारं काढून सावलीत, खाली विटा देऊन आडवी ठेवली, कारण उन्हात ती तडकली असती. विजेचं मीटर आणि सगळी बटणं १९७८ च्या खुणेच्या वर नेली. विटांमधले दर्जे कोरून त्यात चुना भरला. आणि मग वाट पाहायची. भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच असा असतो. दोन्ही बाजूंनी वाळली तरी दोन फुटांच्या भिंतीला वर्ष हवं. सगळं वर्ष थांबायची गरज नाही, पण दिवाळी म्हणजे फारच लवकर.

दिवाळीला आतेभाऊ आला. उघड्या विटांच्या खोल्या पाहून त्याचा चेहरा उतरला. "हे दोन महिन्यांचं काम?" मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने प्लॅस्टिकचा हातरुमालाएवढा तुकडा भिंतीला लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि उद्या बघा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब लोंबत होते. आतेभावाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो हिशेबाचा माणूस आहे. टाइल्सच्या मागे काय होईल ते त्याला सांगावं लागलं नाही. जाताना तो आत्याला म्हणाला, "होळीपर्यंत बघतो." घर विकण्याबद्दल तो काही बोलला नाही. बोलणार नाही असंही म्हणाला नाही.

८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. मजुरीसाठी आणून ठेवलेले पैसे हातात होते आणि चालत नव्हते. काम तीन आठवडे थांबलं. मिस्त्री मधूनमधून येई, भिंतीला गाल लावून पाही, चहा पिऊन जाई. उधारीची भाषा त्याने एकदाही काढली नाही. नंतर धुकं सुरू झालं आणि वाळणं आणखी मंदावलं.

गिलावा फेब्रुवारीत झाला. चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, वाळू, आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडीद भिजवलेलं पाणी. खोल्यांना महिनाभर एखाद्या विचित्र पक्वान्नाचा वास होता. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, म्हणून त्याला पहिले काही दिवस ओलं पोतं लावून जपावं लागतं. ती पोती भिजवण्याचं काम आत्याने स्वतःकडे घेतलं. दुखऱ्या गुडघ्यांनी ती दिवसातून तीनदा खाली उतरायची. होळीला आतेभावाने पुन्हा प्लॅस्टिक लावून पाहिलं. ते कोरडं निघालं. त्याने गेस्ट हाउसवाल्याला माझ्यासमोरच फोन केला.

ऑगस्ट २०२१ मध्ये गंगा पुन्हा ७२ मीटरच्या वर गेली. खालच्या खोल्या भरल्या. या वेळी तिथे दोन लोखंडी खाटांखेरीज काही नव्हतं. गाळ दोन दिवसांत निघाला. खालच्या तीन फुटांतला गिलावा पुढच्या काही महिन्यांत मीठ घेऊन झडला, वरचा तसाच राहिला. मागची वीट ठणठणीत होती. मिस्त्री आता येत नाही, त्याचा मुलगा येतो. त्याने तेवढाच पट्टा पुन्हा केला. खर्च पहिल्याच्या पाव हिस्साही आला नाही.

गच्चीवर जिन्याखाली एक पिंप आहे. त्यात विझवलेला चुना पाण्याखाली ठेवलेला असतो, कारण तो जितका मुरेल तितका चांगला होतो. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. महिन्यातून एकदा ती झाकण काढते, पाणी कमी झालं असेल तर तांब्याभर घालते आणि झाकण पुन्हा लावते. शेजारच्या बरणीत कैरीचं लोणचं असतं. पुढचा पूर कधी येईल ते कोणाला माहीत नाही. चुना तयार आहे.