मुलाखत नाही, तरी प्रश्न आहेत

लिंबायत, सुरत
निकालानंतरचा रविवार

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

भारतात एमबीबीएसच्या प्रवेशासाठी सहसा मुलाखत होत नाही. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेचा पेपर १८० प्रश्नांचा आणि ७२० गुणांचा. मराठी-गुजरातीसह १३ भाषांत तो देता येतो. गुणांवरून क्रमांक लागतो आणि क्रमांकावरून कॉलेज मिळते. विलायतेत कॉलेज उमेदवाराला समोर बसवून पारखते आणि त्याच बैठकीत उमेदवारही कॉलेजला पारखून घेतो. ही दुसरी पारख आपल्याकडे विद्यार्थ्याने स्वतःच करायची असते, आणि त्यासाठी निकाल ते चॉईस फिलिंग, म्हणजे कॉलेजांची पसंती-यादी भरणे, एवढेच दिवस हाती असतात.

पहिला प्रश्न हक्काचा. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समिती भरते, उरलेल्या ८५ टक्के राज्य भरते. गुजरातेत हे काम गांधीनगरच्या प्रवेश समितीकडे आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या खानदेशी घरांचा घोळ नेमका इथे होतो. गाव जळगाव-धुळ्याकडचे, शाळा सुरतेची. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावीही साधारणपणे तिथूनच झालेली लागते. गावाकडे घर-शेत असल्याने भागत नाही. जातीच्या दाखल्याचेही तसेच. एका राज्यातल्या अनुसूचित जातीच्या माणसाला स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात आपोआप तोच लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले आहे. म्हणून आजोबांच्या नावाचा महाराष्ट्राचा दाखला गुजरातेत चालेल का, महानगरपालिकेच्या कॉलेजात शहरातल्या मुलांसाठी वेगळा कोटा आहे का आणि त्याला कोणते कागद लागतात, हे प्रवेशाच्या हेल्प सेंटरवर मूळ कागद दाखवूनच विचारावे. ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर फॉर्म भरू नये.

दुसरा प्रश्न दवाखान्याचा, आणि सगळ्यांत मोठा. डॉक्टर पुस्तकात कमी, वॉर्डात जास्त घडतो. सुरतेचे सरकारी मेडिकल कॉलेज १९६४ चे. त्याला जोडलेले न्यू सिव्हिल हॉस्पिटल मजुरा गेटजवळ आहे. महानगरपालिकेचे स्मीमेर कॉलेज वेगळे. कुठल्याही कॉलेजबद्दल विचारायचे ते असे: ओपीडीत रोज किती पेशंट येतात? खाटा खरोखर भरलेल्या असतात का? शवविच्छेदनाच्या एका टेबलाभोवती किती मुले उभी राहतात? वॉर्डात एका तुकडीत किती जण असतात आणि पेशंटला हात लावून तपासायची पाळी प्रत्येकाची येते का? इंटर्नकडून प्रसूती, टाके, सलाइन ही कामे करवून घेतात, की त्याचा दिवस रिपोर्ट पोचवण्यातच जातो?

शहर काय शिकवेल, हेही याच प्रश्नात येते. सुरतेच्या वॉर्डात लूमवर हात सापडलेला कारागीर येतो, पावसाळ्यात मलेरिया येतो, दक्षिण गुजरातच्या शेतांतून लेप्टोस्पायरोसिस येतो. पेशंट गुजराती, हिंदी, उडिया बोलतो आणि अहिराणीही. घरात अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे काम तिथे एका वाक्यात होते. १९९४ च्या प्लेगनंतर महानगरपालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात या शहराने कचरा आणि गटारांची शिस्त लावली. सार्वजनिक आरोग्याचा हा धडा मुलांना वस्तीत नेऊन शिकवतात की फळ्यावर, हेही विचारण्याजोगे आहे.

तिसरा प्रश्न पैशांचा. खासगी कॉलेजांची फी राज्याची शुल्क समिती ठरवते, पण घराला परवडायचा असतो तो सबंध साडेचार वर्षांचा आणि पुढच्या एक वर्षाच्या इंटर्नशिपचा खर्च. हॉस्टेल, मेस, अनामत रक्कम, परीक्षा फी हे सगळे धरून आकडा मागावा. वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, मुलींसाठी कन्या केळवणी निधी यांचे अर्ज केव्हा आणि कुठे करायचे ते विचारावे. सरकारी जागेवर ग्रामीण सेवेचा बाँड असतो: मुदत किती, रक्कम किती, मध्येच जागा सोडली तर काय, स्टायपेंड किती आणि वेळेवर मिळतो का.

चौथा प्रश्न राहण्याचा. मेडिकल कॉलेजांसाठी रॅगिंगविरोधी स्वतंत्र नियम २०२१ पासून आहेत, पण नियमाची पाटी सगळीकडेच असते. रात्री तक्रार करायची झाली तर फोन कोण उचलतो, हे विचारले की खरे काय ते कळते.

कोणाला विचारायचे, यालाही महत्त्व आहे. ऑफिसातून नियम कळतो. रोजचे जगणे तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून आणि इंटर्नकडून, तेही गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. ‘कॉलेज कसे आहे?’ याला ‘चांगले आहे’ एवढेच उत्तर येते. ‘गेल्या आठवड्यात किती तास वॉर्डात होतात?’ याला आकडा द्यावा लागतो.

खरीखुरी मुलाखत उरली आहे ती पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात. १९४८ साली सुरू झालेल्या या कॉलेजात नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची वेगळी चाचणी होते, मानसिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी होते, आणि ५० गुणांची मुलाखत असते. तिथे जाण्यापूर्वी उमेदवाराने स्वतःला विचारून घ्यावे की पदवीनंतरची सैन्यातली वर्षे मनापासून हवी आहेत, की फक्त स्वस्त शिक्षण हवे आहे. सेवेची मुदत, कमिशनचा प्रकार आणि पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाची संधी यांची चौकशी आधीच झालेली असावी.

उत्तरे जमली की यादी लावायची. जागा गुणक्रमाने आणि दिलेल्या पसंतीनेच मिळते. त्यामुळे अवघड वाटणारे कॉलेज वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. मागच्या वर्षीच्या कट-ऑफला भिऊन क्रम बदलू नये. सर्वांत हवे ते पहिले, आणि जिथे जायचेच नाही ते यादीत नाही.

कळावे.

मामा