केलं कसं?

गायतोंड्यांच्या अमूर्त चित्रासमोर उभा राहिलो की माझं डोकं आधी कारागिरासारखं चालायला लागतं. हे केलं कसं? चित्रात काय आहे, हा प्रश्न बाजूलाच राहतो. लांबून सगळा पृष्ठभाग एकसंध वाटतो. जवळ गेलं की थर सुटे व्हायला लागतात, खालचा रंग वरच्या रंगातून उजळून येतो, आणि मध्येच एक खरबरीत कडा लागते. ब्रशची रेघ हाताचा कल सांगते: कुठे टेकला, कुठे दाब सैल झाला. या कडेला तसा कलच नाही, कारण ती फाटलेल्या कागदाची कडा आहे. वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग पसरायचे, ओल्या रंगावर वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ठेवून रोलर फिरवायचे आणि मग कागद उचलून घ्यायचे. रंग लावायचा जितका, तितकाच काढायचाही.

एकदा युक्ती कळली की कुतूहल संपावं, असा आपला हिशेब. इथे तो चुकतो. ओल्या रंगावर कागद दाबून कोणीही पाहावं. सोलताना चिकट आवाज येतो आणि रंगाला जाळीदार पानासारख्या शिरा फुटतात. दिसायला झकास! पण तेवढ्यावर ते नुसतं टेक्स्चर असतं. गायतोंडे त्या अपघाताला शेजारच्या टोनशी असा बांधतात की तो तिथेच व्हायला हवा होता असं वाटतं. वर्षाकाठी मोजकीच चित्रं ते करत. 2013 साली मुंबईतल्या लिलावात त्यांच्या 1979च्या एका चित्राला 23.7 कोटी रुपये मिळाले आणि तेव्हापासून काही लोक त्या थरांत आकडाच शोधतात. शोधोत बापडे.

अतिवास्तव चित्रांचं मात्र उलटं. तिथे प्रत्येक गोष्ट ओळखू येते. घड्याळ घड्याळ असतं, मुंगी मुंगी असते, त्यांचं एकमेकांशी नातं काय ते मात्र लागत नाही. दालीच्या 1931 सालच्या वितळत्या घड्याळांचं पोस्टर आपण इतक्या भिंतींवर पाहिलेलं असतं की मूळ चित्र जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटर आहे, हे ऐकूनही खरं वाटत नाही. वहीच्या पानाएवढ्या जागेत त्याने ते वेड इतक्या गुळगुळीत, इतक्या मन लावून रंगवलं आहे की शंका घ्यायला फट राहत नाही. अमूर्त चित्र आपल्या घडण्याच्या खुणा उघड्या ठेवून नजर धरून ठेवतं. अतिवास्तव चित्राला त्या खुणा लपवाव्या लागतात. ब्रश दिसला की स्वप्न मोडलं. झाडाला डोळे आणि ढगाला दार लावून दिलेली जी चित्रं हल्ली पैशाला पासरी मिळतात, ती कल्पना कळताक्षणी संपतात, कारण त्यांच्याकडे कल्पनेखेरीज दुसरं काही नसतं.

प्रभाकर बरवे म्हणूनच मला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात. 1961 ते 65 या काळात ते बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते, तिथे तंत्रकलेच्या प्रभावाखाली आले, पण पुढे त्यांच्या चित्रांत आलं ते अगदी साधं सामान: पान, फळ, घड्याळ. धक्का देईल असं त्यात काही नाही. त्या वस्तू एका फिकट अवकाशात इतक्या निवांत अंतरावर असतात की त्यांचं आपसांत काहीतरी ठरलेलं आहे आणि ते फक्त आपल्यालाच सांगितलेलं नाही, असं वाटत राहतं. 'कोरा कॅनव्हास' हे 1990 साली आलेलं त्यांचं पुस्तक चित्रकारांच्या टेबलावर अजून असतं. पण माझं लक्ष जातं ते त्यांच्या रंगाकडे. दाराखिडक्यांना लावतात तो एनॅमल त्यांनी कॅनव्हासवर वापरला. हा रंग ओला असताना आपसूक सपाट होतो, ब्रशचे ओरखडे स्वतःच मिटवतो, आणि हात कुठेच दिसत नाही. वस्तू जणू आधीपासूनच तिथे होती.

आताशा बरव्यांच्या चित्रात मी पानाकडे कमी आणि दोन वस्तूंमधल्या रिकाम्या भागाकडे जास्त बघतो. एनॅमलचं एवढं मोठं क्षेत्र, ओघळ न येऊ देता, धुळीचा कण चिकटू न देता वाळवायचं, आणि तेही मुंबईच्या दमट हवेत. घराचं दार रंगवून पाहिलेल्या कोणालाही विचारा.