काजळी

माझी स्प्लेंडर 2009ची, टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेली. तिच्या हेडमधले प्लगचे आटे गेले, तेव्हा चुलतभावानं कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरं हेड आणून दिलं. पसंत नसेल तर आठ दिवसांत आहे तसं परत करा, ही दुकानदाराची अट. म्हणजे घासून लख्ख केलं की ते माझ्याच गळ्यात. ठेवायचं की नाही, हे काजळी लागलेली असतानाच ठरवायला हवं होतं.

चौलच्या गॅरेजांत सगळे 'कार्बन'च म्हणतात. मराठीत ती काजळी, उर्दूत कालिख. दोन्ही भाषांत तोंडाला काळं लागलं की अब्रू गेली! इंजिनात मात्र तीच खरं बोलते.

गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. दहावीला मराठीत दोनदा राहिला. 'उतारा वाचून उत्तरे लिहा' हा प्रश्न कायम कोरा. त्यानं हेड उन्हात धरलं, बोटानं काजळी चोळली आणि म्हणाला, "सर, ओली आहे. ऑईल जळत होतं."

कोरडी, भुरभुरीत असती तर पेट्रोल जास्त जात होतं. पांढुरकी असती तर इंजिन तापत होतं. ही ओली, आणि इनटेक वॉलच्या पाठीवर जाड थर. म्हणजे ऑईल वरून, वॉलच्या दांडीवरून उतरत होतं. मी विचारलं, रिंगा गेल्या असतील तर? "रिंगा त्या गाडीत राहिल्या सर. ब्लॉक तर तुमचाच आहे." मग त्यानं दोन्ही वॉल काढून गाईडमध्ये हलवून पाहिले. लटपटत नव्हते. दोष नुसत्या सीलचा, आणि सील स्वस्त. वॉलच्या तोंडावर जळल्याची फिकट रेघही नव्हती.

"ठेवा सर."

रॉकेल मिळेना, म्हणून रात्रभर हेड डिझेलमध्ये बुडवलं. सकाळी त्यानं वाडीतली पोफळीची चिरफळी तासून पट्टी केली. स्क्रू-ड्रायव्हरला हात लावला नाही. ॲल्युमिनियम मऊ, ओरखडा पडला की तिथे काजळी पुन्हा लवकर धरते, आणि पॅकिंगच्या बाजूला पडला तर कॉम्प्रेशनच गळतं. कॉस्टिक सोडा सुचवणारेही भेटतात, पण तो काजळीआधी ॲल्युमिनियम खातो. थर राहू द्यावा, तर आतली जागा कमी होते, तापलेला कण ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतो आणि चढावर इंजिन खडखडतं.

काजळी निघाल्यावर त्यानं दोन वॉलांच्या बैठकींमधली जागा भिंगानं पाहिली. तडा असला तर तिथेच, काजळीखाली लपलेला असतो. माझा जीव त्या दोन मिनिटांत अडकला होता, कारण आता परतीचा रस्ता बंद. तडा नव्हता.

मग लेप लावून वॉल बैठकीवर घासले, नवे सील बसवले, स्प्रिंगा चढवल्या आणि पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं. इनटेक कोरडा. एक्झॉस्टखाली मात्र हळूहळू एक थेंब जमला. मला तो चालण्यासारखा वाटला. त्यानं काही न बोलता स्प्रिंग पुन्हा उतरवली. तिसऱ्या खेपेला थेंब आला नाही. तोवर दोन दिवस मी एसटीनं शाळेत गेलो.