नॉरफोकला गेलेला मुलगा

बेसबॉल म्हणजे बिघडलेले क्रिकेट, असे माझे सत्तर वर्षांचे ठाम मत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुलीकडे बाल्टिमोरला गेलो, आणि माझ्या बारा वर्षांच्या नातवाने ते सहा महिन्यांत मोडीत काढले.

नातू ओरिओल्स या तिथल्या संघाचा निस्सीम भक्त. या संघाने २०२१ मध्ये १६२ पैकी ११० सामने हरण्याचा पराक्रम केला होता! पण तळाला जाण्यातही एक सोय असते. होतकरू पोरे वाटून घेताना २०२२ ची पहिली निवड त्यांच्या वाट्याला आली, आणि त्यांनी अठरा वर्षांचा जॅक्सन हॉलिडे उचलला. तशाच तरुण पोरांच्या जोरावर २०२३ मध्ये संघाने १०१ सामने जिंकले.

मी पोचलो त्याच महिन्यात हॉलिडे मुख्य संघात आला. दहा सामने खेळला. ३४ प्रयत्नांत फटके लागले अवघे दोन! त्याची रवानगी नॉरफोकच्या दुय्यम संघात झाली.

"संपला!" मी निकाल देऊन टाकला. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेली. नापास मुलगा मला लांबून ओळखू येतो.

"संपला कसा, आजोबा? शिकायला गेलाय," नातू शांतपणे म्हणाला.

३१ जुलैला आम्ही कॅम्डन यार्ड्सच्या मैदानावर होतो. हॉलिडेला त्याच दिवशी परत बोलावले होते. तिन्ही बेसवर गडी उभे असताना त्याने असा टोला हाणला, की चेंडू प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जुन्या रेल्वे गोदामाजवळच्या रस्त्यावर जाऊन पडला. एका टोल्यात चार धावा! शेजारच्या अनोळखी गृहस्थाने मला मिठीच मारली.

परतताना नातवाने सहज विचारले, "आजोबा, तुमच्या वर्गातून कुणी नॉरफोकला गेलं होतं?"

गेला होता. आठवीतला एक मुलगा. त्याच्या वडिलांना मीच म्हणालो होतो, "याला शाळा झेपायची नाही, दुकानात बसवा." त्यांनी मुकाट्याने ऐकले. दुसऱ्या दिवसापासून त्याची जागा रिकामी दिसू लागली. त्याला परत बोलवावे, हे मला कधी सुचलेच नाही.

"गेला होता," मी म्हणालो, "पण परत नाही आला." नातू काही बोलला नाही, त्याने फक्त माझा हात धरला.

ऑक्टोबरमध्ये ओरिओल्स बाद फेरीत कॅन्सस सिटीच्या संघाकडून लागोपाठ दोनदा हरले, १-० आणि २-१. २०२५ मध्ये तर ८७ सामने हरून गटात पुन्हा तळाला गेले. तेव्हा मी पुण्याला परतलो होतो. समजूत घालावी म्हणून नातवाला फोन केला.

"त्यात काय, आजोबा? पोरं अजून लहान आहेत!" तो म्हणाला.

हे वाक्य मास्तर म्हणून मला म्हणता यायला हवे होते.